विडी कामगार अम्माची पेन्शन काढताना

२०२३ चे गणपती उठले आणि आमच्या गल्लीमागची विडीची ब्रँच बंद झाली. कारखाना चालूच आहे, फक्त ही ब्रँच दुसरीत मिसळली, असं सांगण्यात आलं. ती दुसरी ब्रँच शेअर रिक्षाच्या अंतरावर. आठवड्यातून दोनदा पान-तंबाखू आणायला आणि विड्या टाकायला जायचं, जाता-येता सीटचे वीस-वीस रुपये मोजायचे, आणि हजार विड्यांना हातात पडणार दोनशेच्या आसपास. तेही हजार भरल्या तर. मिळालेल्या पानात हजार भरत नाहीत, कमी पडलेलं पान बाई आपल्या पदरच्या पैशाने आणते. वर चेकर छाट काढतो, म्हणजे काही विड्या खराब म्हणून बाजूला टाकतो, ती वेगळीच. अम्माने, म्हणजे माझ्या आईने, तोंडी हिशोब मांडला आणि विड्या वळायचं सूप धुऊन कपाटावर टाकलं.

मग मी म्हटलं, पेन्शनचं बघू.

हे लिहायचं कारण एवढंच की सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात घरटी एक विडीवाली आहे आणि बहुतेकींच्या कागदांत तीच गाठ आहे जी अम्माच्या कागदांत होती. एजंट लोक तीन-चार हजार मागतात. काम स्वतः होतं. वेळ मात्र लागतो, आणि या गावात वेळ काढणं म्हणजे काय असतं तेही सांगायला हवं, नाहीतर नुसती फॉर्मची नावं सांगून उपयोग नाही.

बाहेरच्यांना सोलापूर म्हणजे चादर आणि शेंगा चटणी. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली, तिला अजून सगळे जुनी गिरणी म्हणतात. मग एकामागून एक गिरण्या निघाल्या आणि तेलंगणातून आमचे पद्मशाली लोक मागावर बसायला आले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची, गिरणी मी शाळेत असताना गेली. मग ते यंत्रमागावर जकार्ड चादरी विणायला लागले, आता कान गेलेत म्हणून घरी असतात. बायका तेव्हाही विड्या वळत होत्या, आताही वळतात. पुरुषाचं काम सुटलं की घर विडीवर चालतं, हे इथे कुणी मुद्दाम सांगत नाही.

मी स्वतः अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. ऑर्डर असली की दोन पाळ्या, नसली की एक, आणि फारच थंड असलं की मालक म्हणतात, "ताई, उद्या नाही आलात तरी चालेल." त्या दिवसाचा पगार नसतो. अम्माची बरीचशी कामं मी अशाच दिवसांत उरकली. माझा नवरा पुण्यात असतो, शनिवारी रात्रीच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येतो आणि सोमवारी पहाटे तिनेच जातो. आमच्या गल्लीतली निम्मी तरणी मुलं त्या गाडीला असतात. इथल्या सोयरिकीत आता पहिला प्रश्न "मुलगा पुण्यात का?" हा असतो.

पहिलं काम कागद जमवण्याचं. अम्माकडे प्लास्टिकच्या पिशवीत होतं ते असं: विडी कामगाराचं ओळखपत्र, ब्रँचचं जुनं पासबुक, पीएफच्या दोन-तीन स्लिपा, आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एका स्लिपेच्या मागे पेनाने लिहिलेला. मोबाइलवर टाकून पाहिलं तर खातं निघालं, पण आधार जोडलेलं नव्हतं. जोडायला गेलं की नाव आणि जन्मतारीख जुळत नाही असं यायचं.

कारखान्याच्या नोंदीत अम्मा "नरसव्वा", जन्म १ जानेवारी १९६८. आधारवर "नरसूबाई", जन्म १ जून १९६४. नावाचं समजण्यासारखं आहे. माहेरी, सासरी, रेशन दुकानात, ब्रँचमध्ये तिला वेगवेगळ्या नावांनी हाका मारल्या गेल्या, ज्याने जे ऐकलं ते त्याने लिहिलं. तारखेचं दुखणं मोठं होतं. ईपीएस-९५, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन योजना, तिची पेन्शन अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली की सुरू होते. आधारप्रमाणे ती जून २०२२ पासून देय होती, कारखान्याच्या नोंदीप्रमाणे जानेवारी २०२६ पर्यंत थांबायचं. साडेतीन वर्षांचा फरक.

अम्माला विचारलं, खरं काय? ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते, मिलोची भाकरी खाल्लेली आठवते." मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी. म्हणजे जन्म चौसष्टचाच. पण मिलोच्या भाकरीची झेरॉक्स निघत नाही.

अशा दुरुस्तीसाठी तेव्हा कामगार आणि मालक दोघांच्या सहीचा एकत्रित अर्ज लागायचा, त्याला जॉइंट डिक्लरेशन म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्येच पीएफने त्याची नवी कार्यपद्धती काढली होती. किरकोळ बदलाला कमी पुरावे, मोठ्या बदलाला जास्त. आमचे दोन्ही बदल मोठ्यात गेले. कारखाना कायमचा बंद झाला असेल तर मालकाच्या जागी राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर किंवा बँक मॅनेजर यांच्यासारख्यांची साक्षांकित सही चालायची. आमचा कारखाना चालू होता, त्यामुळे सही तिथूनच आणायची होती.

दिवाळीनंतर कारखान्याच्या मुख्य कार्यालयात गेलो. पीएफचं काम बघणारे गृहस्थ आठवड्यातून दोन दिवस बसतात आणि कोणते दोन ते ठरलेलं नसतं. एकदा गेले तर ते पुण्याला, एकदा गेले तर रजिस्टर गोडाऊनला. अम्माला उन्हातून नेण्यात अर्थ नव्हता, मी एकटीच जायचे. तिथले वॉचमनकाका मला बघून म्हणायचे, "कशाला फिरुलालाव ताई, फोन करून यावं की." फोन कुणी उचलत नव्हतं म्हणूनच तर फिरत होते. शेवटी त्यांनीच साहेबांचा मोबाइल नंबर दिला. सांगायचं असं की अशा ठिकाणी पहिली ओळख गेटवर करा.

आणि पाण्याचा दिवस बघून जा. हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही, पण मुलं पुण्याहून आईबापाची कामं करायला येतात ती हमखास यात अडकतात. उजनी धरण शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे आणि आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. कधी पहाटे, कधी रात्री साडेअकराला. चावीवाला व्हॉल्व्ह फिरवून गेला की गल्लीभर टुल्लू पंप सुरू होतात, आणि ज्याचा पंप दमदार त्याच्याकडे पाणी जास्त. हौद, बॅरल, घागरी, कुकर, अगदी डबेसुद्धा भरून ठेवायचे. पाण्याच्या दिवशी कुणी बाई घर सोडत नाही. नोटरीकडची वेळ ठरवली आणि त्याच दिवशी पाणी आलं, तर नोटरी गेला उडत.

डिसेंबरात एक चांगली गोष्ट कळली. पीएफवाले दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" नावाचं शिबिर घेतात. २७ डिसेंबरला मी अम्माला घेऊन गेले. तिथल्या एका अधिकारी बाईंनी सगळे कागद शांतपणे बघितले आणि एका कागदावर क्रम लिहून दिला: आधी जॉइंट डिक्लरेशन, मग केवायसी (खात्याला आधार जोडणं), मग कारखान्याकडून नोकरी सोडल्याची तारीख, मग फॉर्म १९ पीएफसाठी आणि १०-डी पेन्शनसाठी. हा क्रम उलटा केला तर दावा परत येतो. तो कागद मी अजून जपून ठेवलाय आणि गल्लीतल्या कितीजणींनी त्याचा फोटो काढून नेलाय.

जन्मतारखेला पुरावा म्हणून त्या वेळी आधार चालत होतं. नावासाठी शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र केलं, नोटरीचे दोनशे, टायपिंगचे साठ. कारखान्याची सही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मिळाली. मग आली गड्ड्याची जत्रा. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या दिवसांत सोलापुरात कुठलंच काम होत नाही आणि होऊही नये असं माझं मत आहे. जत्रा होते न होते तोच १९ जानेवारीला कुंभारीला पंतप्रधान आले, रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या द्यायला. विडीवाल्या, यंत्रमागवाले, कचरा वेचणारे, बांधकाम मजूर यांची ती घरं. आमच्या शेजारच्या एकीला मिळालं. घर छान आहे, पण विडी टाकायला गावात यायचं तर रिक्षाभाडं मजुरी खातं, हे तिचं म्हणणं.

आणि त्याच आठवड्यात, १६ जानेवारीला, पीएफच्या मुख्यालयाने परिपत्रक काढलं होतं: जन्मतारखेच्या पुराव्यातून आधार वगळलं. आमचा अर्ज "दुसरा ग्राह्य पुरावा जोडा" असा शेरा घेऊन परत आला. राग कुणावर काढणार? नियम दिल्लीला बदलला. जन्मदाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट, पॅन असं काहीतरी हवं. काहीच नसेल तर सिव्हिल सर्जनकडून वयाचं प्रमाणपत्र आणि सोबत प्रतिज्ञापत्र. अम्माकडे यातलं काहीच नव्हतं. जन्म घरातला, नोंद नाही.

ती शाळेत गेली होती का, हे मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. गेली होती. महापालिकेच्या तेलुगू शाळेत, दुसरीपर्यंत. सोलापूर महापालिकेच्या शाळा मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा आहेत. पण तेलुगू शाळेत आता मुलं कुठून येणार, ज्याला परवडतं तो इंग्लिशला घालतो. अम्माची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झालेली. इमारत आहे, खाली लसीकरण चालतं.

जुनं दप्तर ज्या शाळेत गेलं होतं तिथे फेब्रुवारीत गेले. मुख्याध्यापिका बाईंनी अर्ज घेतला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "रजिस्टरं आहेत, पण शोधायला माणूस नाही, आणि तेलुगू वाचणारं तर कुणीच नाही." मार्चमध्ये निवडणूक जाहीर झाली, शिक्षक सगळे त्या कामाला. सोलापूरचं मतदान ७ मेला होतं. तोपर्यंत उन्हाने जीव नकोसा केला होता, उजनी उणे पातळीत गेली होती, आणि पाण्याची वाट बघत आम्ही रात्र-रात्र जागत होतो. माझ्या कारखान्यात त्या महिन्यात एकच पाळी होती. वेळ भरपूर, पैसा नाही.

मतदानानंतर बाईंनीच फोन केला, येऊन बसा म्हणाल्या. मी बापूंना सोबत नेलं, कारण मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. कपाटातून लाल फडक्यात बांधलेली दप्तरं निघाली. जनरल रजिस्टर म्हणजे दोन्ही हातांनी उचलायची वही. पानं तपकिरी, कडा वाळवीने कुरतडलेल्या, शाई निळीची जांभळी झालेली. बापू चष्मा कपाळावर चढवून, नाक कागदाला लावून ओळीवरून बोट फिरवत होते. १९७० सालची वही संपली, १९७१ ची काढली. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली तरी ते उठेनात. मग एका ओळीवर बोट थांबलं आणि त्यांनी मोठ्यांदा वाचलं, कान गेलेला माणूस वाचतो तसं, वर्ग दणाणून. अम्माचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, धंदा विणकर, जन्मतारीख १ जून १९६४. शाळा सोडल्याचं कारण: सतत गैरहजर. साल १९७३.

अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, त्यामागे शाळा उघडायच्या दिवसात तारीख ठोकून देणारे गुरुजी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पण कागद म्हणजे कागद. आधारवरची तारीख मामाने सांगितलेली होती, ती इथूनच आलेली असणार. बाईंनी रजिस्टरच्या पानाची साक्षांकित प्रत आणि शाळेचा दाखला दिला. त्यावर नाव "नरसू" असं होतं, म्हणून नावाचा पुरावाही थोडा भक्कम झाला. फी नाममात्र लागली. ज्यांचे आईवडील मनपा शाळेत एखादं वर्ष जरी गेले असतील त्यांनी हे दाखले आत्ताच काढून ठेवावेत, काम पडो न पडो. शाळा विलीन होतात, दप्तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं, आणि पावसाळा दरवर्षी येतो.

नवा पुरावा जोडून जॉइंट डिक्लरेशन पुन्हा कारखान्यामार्फत गेलं. जूनच्या अखेरीस मंजूर झालं. केवायसीला मोबाइल आधारशी जोडलेला लागतो. केंद्रावर बोटाचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं ओलं पान, कात्री आणि तंबाखू, अंगठ्यावर रेषाच राहिल्या नव्हत्या. ऑपरेटर मुलगा सरावलेला होता, त्याने डोळ्यांच्या बुबुळांवर भागवलं. विडीवाल्या बायकांना नेताना आधीच सांगा की बुबुळांवर करा, निम्मा तास वाचतो.

पुढे एक वेगळीच भानगड निघाली. कारखान्याच्या नोंदीत ती अठ्ठावन्नची झालीच नव्हती, त्यामुळे जून २०२२ नंतरही मालकाच्या हिश्श्यातला पेन्शनचा भाग पेन्शन खात्यातच जात राहिला होता. नियमाने तो अठ्ठावन्ननंतर पीएफमध्ये जायला हवा. तेवढी रक्कम इकडून तिकडे वळवल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. त्यासाठी कारखान्याचं आणखी एक पत्र. रक्कम किरकोळ, पण जुलै त्यात गेला. जन्मतारीख दुरुस्त करून घेणाऱ्या प्रत्येकाने हे पत्र आधीच मागून ठेवावं.

१०-डी ला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. अम्मा-बापूंचा एकही नव्हता. लग्नात फोटोग्राफर परवडला नव्हता, नंतरच्या सगळ्या फोटोंत आम्ही पोरं मध्ये. अशोक चौकाजवळच्या स्टुडिओत गेलो. बापूंनी गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, अम्माने नव्वारी काढलेली. दोघं बाकावर असे बसले की मध्ये तिसरं माणूस मावावं. फोटोवाला म्हणाला, "आजोबा, जरा सरका." बापूंना ऐकू आलं नाही, अम्मा लाजून हलेना. शेवटी मीच मागून दोघांचे खांदे धरून जवळ आणले आणि चटकन बाजूला झाले. सहा प्रतींचे दीडशे रुपये झाले. तीन फॉर्मला लागल्या, एक अम्माने देवघरात लावली, दोन कुठे गेल्या ते सांगत नाही.

फॉर्म १९ चे पैसे ऑगस्टात आले, चौऱ्याऐंशी हजारांच्या घरात. विडी उद्योगाला पीएफचा दर बाराऐवजी दहा टक्के आहे, त्यामुळे खातं फार फुगत नाही. पेन्शन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जमा झाली: महिना १,१५७ रुपये, आणि जून २०२२ पासूनची सत्तावीस महिन्यांची थकबाकी ३१,२३९ रुपये. हिशोब असा असतो: शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. वीस वर्षं किंवा त्याहून जास्त नोकरी असेल तर दोन वर्षं जादा धरतात. उत्तर हजाराच्या खाली आलं तर हजार देतात, कारण सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपये आहे. तेव्हापासून ती तेवढीच आहे. गॅस सिलिंडर आणि महिन्याच्या गोळ्या, यात ती संपते.

तरीही अम्मा एटीएमला जाऊन दर महिन्याला हजार काढून आणते. एकदम हजारच, कमी नाही. मी म्हटलं बँकेत राहू दे, तर म्हणाली, "ब्रँचमधनं पगार घरी आणायचे की नाही? तसंच."

खर्चाचं सांगायचं तर प्रतिज्ञापत्र, नोटरी, झेरॉक्सा, फोटो, रिक्षा मिळून दीड-दोन हजारांत भागलं. माझे बुडालेले खाडे त्यात धरलेले नाहीत, ते तसेही बुडणारच होते. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. तो दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरच असं नाही. ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही करता येतो. उजेडात बसवा, चष्मा काढा आणि डोळे मिचकवायला सांगा. अम्माचा पहिल्या दाखल्याला बराच वेळ गेला कारण ती फोनकडे बघून हसायची.

आता समोरच्या घरातल्या काकूंचं काम हातात घेतलंय. त्यांची तारीख बरोबर आहे, नावही, पण मधल्या काळात कारखान्याचं नाव बदललं आणि त्यांचे पीएफचे दोन क्रमांक झाले. जुन्या क्रमांकावरची नोकरी नव्यात आणल्याशिवाय दहा वर्षं भरत नाहीत, आणि दहा भरली नाहीत तर पेन्शन नाही. त्यासाठी फॉर्म १३. परवा पाण्याचा दिवस आहे, त्यामुळे आम्ही शुक्रवारी जाणार.